उबदार हवेत इंजिनात बर्फ!

छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं आणि पायलटने ते शेतात सुखरूप उतरवलं, की बातमीत ‘दैवी चमत्कार’ हे शब्द ठरलेलेच. चमत्कार कसला? इंजिन थांबलं तरी पंख काम करतच असतात. वारा नसेल आणि योग्य वेग राखला, तर चार आसनी सेस्ना १७२ एक हजार मीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात सपाट जागा हेरायची. हे शिकाऊ पायलटकडून आधीच घोटून घेतलेलं असतं.

मला कुतूहल आहे ते इंजिनाचा जोर जातोच का, याचं. टाकीत पेट्रोल आहे, ठिणगी पडते आहे, तरीही! यातला एक गुन्हेगार चौकशी अधिकारी पोचेपर्यंत वितळून पसार झालेला असतो: कार्बुरेटरमधला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला बर्फ.

बाहेर २० अंश सेल्सिअस असताना बर्फ? कार्बुरेटरमध्ये हवा व्हेंचुरी या मध्येच आवळलेल्या नळीतून जाते. तिथे तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि त्या कमी दाबामुळेच पेट्रोल ओढलं जाऊन फवारतं. दाब घटल्याने हवा थोडी गार होते; पण खरा गारवा आणतं पेट्रोलचं बाष्पीभवन. तळहातावर स्पिरिट ओतल्यावर होतं तेच, फक्त अखंड. दोन्ही मिळून तापमान ३० अंशांहूनही जास्त उतरू शकतं. हवा दमट असेल तर त्यातली वाफ थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेवर बर्फ होऊन बसते. वाट अरुंद होते, हवा कमी पडते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढतं आणि इंजिनाचे फेरे हळूहळू घटतात. विमान खाली आणताना थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, तेव्हा धोका सर्वाधिक: फट आधीच बारीक, झडपेपलीकडचा दाब आणखी कमी. कोरडी कडाक्याची थंडी परवडली, ही दमट सुखद हवा नको.

उपाय म्हणजे ‘कार्ब हीट’चा दांडा ओढायचा, एक्झॉस्टच्या नळीभोवती तापलेली हवा आत येते. गंमत पुढेच आहे. गरम हवा विरळ असते, त्यात वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं, त्यामुळे इंजिन आधी जास्तच अडखळतं. नवखा पायलट घाबरून नेमका तेव्हाच दांडा परत ढकलतो. खरं तर तो तसाच ओढून धरायचा असतो.

फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं, म्हणून थ्रॉटलपाशी हा गारवा तयार होत नाही. जुनी कार्बुरेटरवाली विमानं मात्र अजून उडताहेत.