लोह आहे, पण कोणतं?

रक्तवाढीच्या गोळीत लोह आहे हे दाखवणं अवघड नाही. औषधाच्या प्रयोगशाळेला पुढचं विचारायचं असतं: ते फेरस आहे की फेरिक? फेरस लोहानं 2 इलेक्ट्रॉन गमावलेले असतात, फेरिकनं 3. फरक एवढाच, पण फेरस आतड्यातून सहज शोषलं जातं. फेरिकचं आधी फेरस व्हावं लागतं. त्यात फेरस सल्फेट, म्हणजे गोळ्यांत वापरला जाणारा फेरस लोहाचा क्षार, दमट हवेत उघडं राहिलं की त्याचे फिकट हिरवे स्फटिक तपकिरी पडतात, म्हणजे फेरसचं फेरिक होऊ लागतं.

फेरस ओळखायला पोटॅशियम फेरिसायनाइड वापरतात. थेंब पडताच गडद निळा साका बसतो. तो सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही. फेरिकसाठी मात्र फेरोसायनाइड, आणि साका पुन्हा निळाच. फेरसला फेरी आणि फेरिकला फेरो या अदलाबदलीत विद्यार्थी हमखास अडकतात. पण त्यामागे कारण आहे. फेरिसायनाइडमध्ये स्वतःचं फेरिक लोह असतं, फेरोसायनाइडमध्ये फेरस; आणि हा निळा रंग दिसायला दोन्ही प्रकारचं लोह एकाच स्फटिकजाळीत लागतं. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे जातो, त्याचा तो रंग. फेरिक द्रावणात फेरिसायनाइड टाकलं तर नुसता तपकिरी रंग येतो, साका नाही. हे दोन निळे साके बराच काळ वेगळे पदार्थ मानले जात, नावंही वेगळी होती: टर्नबुल ब्लू आणि प्रशियन ब्लू. रचना तपासल्यावर ते मुळात एकच निघाले. (हाच प्रशियन ब्लू थॅलियमच्या विषबाधेवर औषध म्हणूनही देतात.)

फेरिकची आणखी एक खूण म्हणजे थायोसायनेटनं येणारा रक्तासारखा लाल रंग. अमाइल अल्कोहोल घालून हलवलं की वर तरंगणारा अल्कोहोलचा थर गुलाबी होतो. मर्क्युरिक क्लोराइड घातलं तर लाली जाते. शुद्ध फेरस हा रंग देत नाही, म्हणून जुन्या साठ्यात फेरिक तयार झालंय का हेही यातून कळतं. फेरसचं द्रावण उकळून गार केलेल्या पाण्यात करणं चांगलं, कारण साध्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजनही फेरसला बदलू लागतो.

मला सर्वांत बोलकी वाटते ती सोडियम हायड्रॉक्साइडची चाचणी. फेरसचा मळकट हिरवा साका हवेत हलवत राहिलं की डोळ्यांदेखत तपकिरी होत जातो.

या चाचण्या लोहाचा प्रकार सांगतात, प्रमाण नाही. फेरस सल्फेट किती आहे ते ठरवायला सेरिक अमोनियम सल्फेटनं अनुमापन करतात, म्हणजे त्याचं ठरावीक तीव्रतेचं द्रावण थेंबाथेंबानं घालून किती लागलं ते मोजतात. त्यात फेरोइन या सूचकाचा (रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचा) लाल रंग जाऊन फिकट निळा झाला की थांबायचं.