दाताभोवतीचं हाड झिजवतं कोण?

ब्रश करताना हिरडीतून रक्त आलं की बरेच जण तो भाग सोडून देतात. खरं तर नेमकी तीच जागा रोज नीट साफ व्हायला हवी.

गालाच्या आतल्या त्वचेच्या पेशी सतत गळत असतात आणि चिकटलेले जिवाणूही त्यांच्यासोबत निघून जातात. दात मात्र कात टाकत नाही, त्यामुळे जिवाणूंचा चिकट थर, म्हणजे प्लाक, त्यावर निवांत वाढतो. १६८३ साली लेव्हेनहूक या डच संशोधकाने स्वतःच्या दातांवरचा असाच थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यात त्याला वळवळणारे जीव दिसले होते.

या थरावर शरीराचा पहारा असतोच. लाळेत जिवाणूंना रोखणारी प्रथिनं असतात, आणि हिरडी निरोगी असली तरी रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दात-हिरडीच्या फटीत झिरपत राहतात. या पेशींमध्ये जन्मजात दोष असलेल्यांचे दात अनेकदा लहान वयातच हलू लागतात.

पहारा असूनही साफसफाई थांबली तर काय होतं, हे डेन्मार्कमध्ये झालेल्या आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं. निरोगी स्वयंसेवकांनी दात घासणं बंद केलं आणि दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर सूज उतरली.

पण सूज वर्षानुवर्षं राहिली तर काहींच्या बाबतीत प्रकरण बिघडतं. घट्ट थरात पांढऱ्या पेशींना शिरता येत नाही. त्या बाहेरच विकरं (एन्झाइम) सोडत राहतात, आणि ती विकरं आपल्याच हिरडीला बळकटी देणारं कोलॅजन हे प्रथिन तोडतात. दाहाच्या संदेशांमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशीही जाग्या होतात. म्हणजे जिवाणू निमित्त ठरतात, हाड बहुतांशी आपलीच प्रतिकारयंत्रणा खाते! तुटलेल्या ऊतींची प्रथिनं पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्या जिवाणूंना आयतं खाद्य पुरवतात, फट खोल होत जाते, आणि दुखत फारसं नाहीच. गेलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

म्हणूनच इथे नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी भागत नाही. चिकट थरातले जिवाणू औषधाला सहज दाद देत नाहीत, तो थर खरवडूनच काढावा लागतो. मधुमेह ताब्यात नसेल तर दाह आणखी भडकतो, आणि हिरड्यांचा दाह रक्तातली साखर आवरणं अवघड करतो. धूम्रपान करणाऱ्यांना तर रक्त कमी येतं, त्यामुळे आतून हाड झिजत असतानाही हिरड्या ठणठणीत वाटतात.