मराठवाड्यातली बिळं, विष आणि कायदा

रब्बीची ज्वारी हुरड्यावर आली की बांधावर एक प्रश्न हमखास निघतो: आपल्याच रानातले उंदीर मारायला कुणाची परवानगी लागते का? नेहमीच्या उंदीर-घुशींसाठी लागत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उंदरांना पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांत टाकलं होतं. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली आणि १ एप्रिल २०२३ पासून हा बदल लागू झाला, पण त्यामुळे शेतातल्या उंदराला काही संरक्षण मिळालं नाही. कायदा आडवा येतो तो दोन ठिकाणी: विषाच्या डबीपाशी, आणि बिळात-बांधात राहणाऱ्या दुसऱ्या जिवांपाशी.

जुन्या काळी हे सगळं घरगुती काम होतं. ज्वारी जमिनीखालच्या पेवात नाहीतर घरातल्या बळदात असायची आणि घूस तिथवर पोचली की घरचेच लोक बंदोबस्त करायचे. बिळात पाणी ओतायचं, मिरच्यांची धुरी द्यायची, तोंडाशी कुत्रं बसवायचं. बिळाच्या कोठीत साठवलेली कणसं दुष्काळात उकरून काढणारीही माणसं होती.

उंदीर सरकारी विषय झाला तो प्लेगमुळे. १८९६ साली मुंबईत साथ सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला. उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पसरवते, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत मांडलं. ते पटायला मात्र आणखी काही वर्षं गेली. साथ तोवर निजामाच्या मुलखातही शिरली होती.

त्यानंतर प्लेग मागे पडला. १९६६ नंतर देशात रुग्णाची नोंदच नव्हती. आणि मग ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले, घराघरांत पिसवा झाल्या आणि थोड्याच दिवसांत लोकांच्या जांघेत-काखेत गाठी दिसू लागल्या. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग निघाला तेव्हा देशभर धावपळ झाली, पण सुरुवातीच्या बातम्या मामल्याच्याच होत्या. अभ्यासकांनी दिलेलं एक कारण आधीच्या वर्षापर्यंत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी घाबरून घरं सोडली, धान्य आतच राहिलं आणि त्यावर उंदीर वाढले. रानातला जर्बिल, म्हणजे बिळात राहणारा एक रानउंदीर, प्लेगचे जंतू बाळगून असतो. रानचे आणि घरचे उंदीर एकमेकांच्या संगतीत आले की पिसवा इकडून तिकडे जातात. प्लेगच्या भागात आधी बिळांत कीटकनाशकाची भुकटी मारून पिसवा संपवायच्या आणि मगच उंदरांना हात लावायचा, हा नियम त्यासाठीच आहे. उंदीर आधी मेला तर उपाशी पिसू माणसावर येते.

शेतातलं चित्र जायकवाडीने बदललं असं माझं मत आहे. कालव्याचे भराव, बारमाही ऊस, ओलसर बांध: घुशीला आणखी काय हवं? जिरायती काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांचाही आसरा होतोच. देशपातळीवर उंदीर नियंत्रणाचा समन्वित संशोधन प्रकल्प १९७७ मध्ये सुरू झाला. त्याचं केंद्र जोधपूरला होतं.

विषावर १९६८ चा कीटकनाशक कायदा लागू आहे. शिफारशीची पद्धत अशी: संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवायची, सकाळी जी उकरलेली दिसतील तेवढीच चालू धरायची. दोन दिवस नुसती तेल लावलेली भरड ठेवून उंदराला चटक लावायची. नंतर ९६ भाग भरड, २ भाग गोडेतेल आणि २ भाग झिंक फॉस्फाइड, हातमोजे घालून काठीने कालवायचं, दहा ग्रॅमची पुडी बिळात खोल सरकवायची आणि तोंड बुजवायचं. वाचलेला उंदीर पुन्हा त्या आमिषाला तोंड लावत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला ब्रोमॅडिओलोन, हे रक्त गोठू न देणारं विष. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-१ चालतं, तेही वेळेत दवाखाना गाठला तर. आणि एकट्याने करून भागत नाही, शेजारच्या बांधावरून उंदीर आठवड्यात परत येतात.

धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या साध्या गिऱ्हाइकाला विकता येत नाहीत. त्या सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांसाठीच आहेत. तरी गावात त्या मिळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. थिमेट म्हणजे फोरेट हे कीटकनाशक तर २०२० अखेर देशभर बंद झालं. ते ज्वारीत कालवून टाकायची जुनी खोड त्याआधीही बेकायदाच होती.

असं धान्य उघड्यावर पडलं की ते आधी टिपतो मोर, आणि पाटोद्याच्या नायगावात तर मोरांचं अभयारण्यच आहे. मोर मेला की प्रकरण वनखात्याकडे जातं. बिळात शिरून उंदीर खाणारी धामण आणि मुंगूस, तसंच बिळात राहणारं साळिंदर, हेही संरक्षित आहेत. धूर करायच्या आधी बिळाचं तोंड बघावं: रुंद असेल, आजूबाजूला काटे पडलेले असतील तर ते साळिंदराचं असतं आणि तिथे हात घालण्याआधी वनरक्षकाला फोन करावा लागतो. रात्री कुंपणाच्या तारेत करंट सोडणं हा वेगळाच गुन्हा आहे, वीजचोरीचा. त्यात माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचं कलमही लागू शकतं.