विडी घरकुल, कुंभारी (सोलापूर)

सोलापूर शहराच्या आग्नेयेला, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारी गावच्या शिवारात वसलेली विडी कामगार स्त्रियांची सहकारी वसाहत. कागदोपत्री तिचे नाव कॉम्रेड गोदूताई परुळेकर नगर. बोलण्यात मात्र ‘विडी घरकुल’. हैदराबाद रस्त्यावर, शहराच्या हद्दीत याच नावाची आधीची वसाहत आहे. त्यामुळे पत्ता सांगताना ‘जुने की नवीन?’ हा प्रश्न हटकून येतो. ही नोंद नवीन घरकुलाची आहे.

स्थान व भूमी : शहराच्या मध्यापासून वसाहत साधारण दहा-बारा किलोमीटरवर येते. शहरातून अक्कलकोट रस्त्याने निघाले की आधी औद्योगिक वसाहत लागते, तिथले टॉवेल-चादरींचे कारखाने मागे पडतात आणि मग कुंभारीचे शिवार सुरू होते. हाच रस्ता पुढे वळसंग, अक्कलकोट करत कर्नाटकात कलबुर्गीकडे जातो. तालुक्याची दक्षिण सीमा भीमा नदीने आखली आहे. पश्चिमेकडून आलेली सीना हत्तरसंग कुडल येथे भीमेला मिळते. या दोन्ही नद्यांपासून घरकुल दूर, उघड्या माळावर आहे. समुद्रसपाटीपासून उंची साडेचारशे मीटरच्या आसपास, चढउतार नावाला.

खाली बेसाल्टचा खडक, त्यावर मुरूम आणि वर कमी-अधिक जाडीची काळी माती. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. ज्वारीला आणि तुरीला ती मानवते, घराच्या पायाला नाही; म्हणून इकडे बांधकाम करताना मुरूम लागेपर्यंत खोदावे लागते. जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने वर्षाचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्यातला सर्वांत भरवशाचा महिना सप्टेंबर. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर सहज जातो. शहराची तहान भागते ती भीमेवरच्या उजनी धरणावर, आणि खुद्द शहरातसुद्धा नळाला रोज पाणी नसते. हद्दीबाहेरच्या वसाहतीत पाण्याचे पिंप हे भांडे नसून सामानातली पहिली वस्तू असते, यात नवल नाही.

वसाहत इतक्या लांब का : सोलापुरात १८७७ साली पहिली कापड गिरणी निघाली, आणि त्याच शतकात तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबे शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. पुरुष गिरणीत किंवा मागावर, बायका घरी विडी वळायला, अशी कामाची वाटणी पडली. मागाच्या धंद्याला मंदी आली, गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी विडीचे काम चालू राहिले. कितीतरी घरांत तेच मुख्य उत्पन्न ठरले. राहायला मात्र पूर्व भागातली भाड्याची एक खोली. त्याच खोलीत चूल, झोपणे आणि तंबाखूची धूळ. शहरात जागा घेणे विडीच्या मजुरीत बसणारे नव्हते. जमीन परवडणारी हवी तर हद्दीबाहेर जाणे भाग होते.

महापालिका १ मे १९६४ रोजी स्थापन झाली. १९९२च्या हद्दवाढीत आसपासची गावे शहरात आली आणि क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर झाले. कुंभारी तेव्हाही बाहेरच राहिले. घरकुलाची जागा ठरली ती इथे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे नेते आणि तीन वेळा आमदार राहिलेले नरसय्या आडम (सोलापूरकरांचे ‘आडम मास्तर’) यांनी विडी कामगार स्त्रियांना संघटित करून ही मागणी लावून धरली. सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. खर्चाचा वाटा केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्वतः कामगार स्त्री यांच्यात विभागला गेला. १ सप्टेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते १०,००० घरांच्या या वसाहतीचे लोकार्पण झाले. संस्थेला नाव दिले ते गोदूताई परुळेकरांचे (१९०७–१९९६). त्यांचे मुख्य काम ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींमध्ये. सोलापूरच्या चळवळीत वावरलेल्या मीनाक्षीताई साने यांच्या नावानेही इथे विडी कामगारांची गृहनिर्माण संस्था आहे.

घरे बैठी, एकाला एक लागून, सरळ रांगांत. आराखडा रुळांसारखा आखीव असल्याने नवख्या माणसाला सगळ्या गल्ल्या सारख्याच दिसतात. खरी खूण घराच्या नंबराची, नाहीतर किराणा दुकानाची. बैठ्या घराचा या कामाला एक फायदा आहे, आणि तो नकाशात दिसत नाही: उंबऱ्यात उजेड असतो. विडी उजेडात वळावी लागते. आदल्या दिवशी भिजवून मऊ केलेले तेंदूचे पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, मांडीवरच्या सुपातली चिमूटभर तंबाखू त्यावर सारखी पसरायची, बोटांनी गुंडाळून तोंड मुडपायचे आणि दोऱ्याने बांधायचे. हिशेब हजारावर. पान-तंबाखू कारखान्यातून मोजून मिळते आणि वळलेली विडी तिथेच मोजून द्यावी लागते; नापसंत विडी छाटात जाते आणि तिची मजुरी बुडते. सरावलेल्या बाईची नजर गल्लीत असते, बोटे सुपात. कामाचे तास घड्याळात मोजता येत नाहीत, कारण मधेच भाकरी थापली जाते, पोराला शाळेत सोडले जाते आणि राहिलेला हजार रात्री पुरा होतो.

लोकवस्ती : १०,००० घरे, घरटी चार माणसे धरली तर ४०,००० लोक. २०११च्या जनगणनेत अक्कलकोट शहराची लोकसंख्या साधारण एवढीच होती. अक्कलकोटला नगरपरिषद आहे, बाजारपेठ आहे, संस्थानचा इतिहास आहे. तेवढीच माणसे इथे एका ग्रामपंचायतीच्या हद्दीत राहतात, आणि तीही शेती न करता. घरकुलाविषयी एकच गोष्ट ध्यानात ठेवायची तर ही. पोट शहरावर, सातबारा गावचा.

संस्था महिला कामगारांची असल्यामुळे सभासद स्त्री, आणि घरही तिच्याच नावावर. महाराष्ट्रात इतक्या मोठ्या संख्येने घराची मालकी बाईकडे असलेल्या वसाहती फार नाहीत. ‘घरातून हाकलून देईन’ ही धमकी इथे कायद्याने तरी उलटी फिरते. प्रत्यक्षात ती किती फिरते हा वेगळा प्रश्न.

वस्तीत तेलुगू भाषक मोठ्या संख्येने आहेत. मराठी, कन्नड आणि दखनी उर्दू बोलणारी कुटुंबेही शेजारी शेजारी. अनेक घरांत आजी तेलुगूत विचारते, नात मराठीत उत्तर देते, आणि दोघींनाही त्यात काही खटकत नाही. नवरात्राच्या दिवसांत तेलुगू बायका बतुकम्मा, म्हणजे फुलांची उतरंड रचून पुजायची देवी, मांडतात. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव पूर्व भागात निघतो, तेव्हा घरकुलातली पद्मशाली मंडळी शहरात जातात. देऊळ, लग्नाचे कार्यालय, सोयरे सगळे तिकडे राहिले आहे.

पुरुषांचे काम यंत्रमाग, टॉवेल कारखाने, रिक्षा, बांधकाम, हमाली असे विखुरलेले. सकाळी शहराकडे, संध्याकाळी परत. मुली जसजशा शिकत आहेत तसतशी विडीची पुढची पिढी आटत चालली आहे. आईच्या सुपाशेजारी बसून अभ्यास केलेली मुलगी सूप हातात घ्यायला नाखूश असते, आणि आईलाही ते नकोच असते. दवाखान्याच्या बाबतीत जागा सोयीची: कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे. तंबाखूची धूळ आणि वर्षानुवर्षे वाकून बसणे, म्हणजे दम, खोकला आणि पाठ-मानेचे दुखणे हे या कामाचे जुने सोबती.

गाव की शहर : जनगणनेत एखाद्या गावाला ‘जनगणना नगर’ ठरवायचे तर तीन कसोट्या लावतात. लोकसंख्या किमान ५,०००. घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिसऱ्या कसोटीत पुरुषच मोजले जातात. ज्या वसाहतीचे नाव, घरे आणि अस्तित्वच बायकांच्या कामातून आले, तिथे वस्तीचे शहरीपण ठरवताना त्या कामाला जमेत धरायची सोय नाही. हे मुद्दाम कुणी केलेले नाही, पण विचित्र आहे. घरी बसून वळलेली विडी ‘घरकाम’ म्हणून नोंदली जाण्याचा धोका तर त्याहून जुना. विडी कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला तो घरी काम करणाऱ्यांनाही कामगार म्हणून धरण्यासाठी. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला, आणि घरासाठी मदत मागण्याचा रस्ता त्या निधीतून पुढे निघाला.

रे नगर : कुंभारीच्याच शिवारात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची दुसरी, कितीतरी मोठी वसाहत उभी राहिली. ९ जानेवारी २०१९ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते तिची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांनीच पहिल्या १५,००० घरांचे हस्तांतरण केले. यात विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले, चालक अशी मंडळी आहेत. ही घरे बैठी नाहीत, मजल्यांच्या इमारतींत आहेत. वरच्या मजल्यावरच्या बाईला उंबऱ्याऐवजी जिन्यातला व्हरांडा.

२०११च्या मोजणीत रे नगर नव्हतेच, त्यामुळे त्या जनगणनेतला कुंभारीचा आकडा आज वापरण्यात अर्थ नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. तीसही हजार घरे भरली आणि घरटी चारच माणसे धरली, तरी एकट्या रे नगरची वस्ती १,२०,००० होते; २०११ साली बार्शी शहर एवढे होते. घरकुलाचे ४०,००० त्यात अजून मिळवायचे आहेत.