बॉरो कुणी करायचं, लेंड कुणी?

बेळगावात, शहापूरला, घरीच पाचवी ते सातवीच्या मुलांचं इंग्रजी घेते. परवा एक जण हात पुढे करून म्हणाला, "काकू, बॉरो मी युवर पेन." पेन दिलं, पण वाक्य तसंच सोडवेना. ही चूक आमच्याकडे वर्षानुवर्षं होते आणि त्यात मुलांचा दोष नाही.

मराठीत आपण उसनं घेतो, उसनं देतो. 'उसनं' जागचं हलत नाही, दिशा सांगतं ते घेणं-देणं. गल्लीतल्या कन्नडातही तेच: 'कड कोडु' म्हणजे उसनं दे, 'कड तगो' म्हणजे उसनं घे. आपल्या हातउसन्याला तर ते 'कैगड' म्हणतात, कै म्हणजे हातच! घरची आणि दारची, दोन्ही भाषा एका वळणाच्या. इंग्रजीने मात्र दिशा क्रियापदाच्या पोटातच घातली. ज्याला हवं तो बॉरो करतो, ज्याच्याकडे आहे तो लेंड करतो. पेन एकच, पण 'आय बॉरोड अ पेन फ्रॉम हर' आणि 'शी लेंट मी अ पेन'. भूतकाळी लेंडेड नव्हे, लेंट.

नियम पाठ करून हे टिकत नाही, म्हणून मी वजाबाकी मांडायला लावते. ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, मग एकक शेजारच्या दशकाकडे मागायला जातो. एककाचे १२ झाले, दशकाचे ४ उरले, उत्तर २५. मराठी शाळेतली मुलं दशक सुटा करतात, इंग्रजी माध्यमातली याला बॉरोच म्हणतात. बॉरो कुणी केलं? एककाने. लेंड कुणी केलं? दशकाने.

पोरगा वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे पेन मागताना मी एकक." आणि लगेच नीट विचारलं: "कॅन आय बॉरो युवर पेन?" 'कुड यू लेंड मी युवर पेन?' हेही तितकंच बरोबर, कारण तिथे देणारी मी.

वाटीभर साखर आपल्याला उसनी, बँकेचे पैसे मात्र कर्ज. इंग्रजी हा भेद क्रियापदात ठेवत नाही, दोन्हीकडे बॉरो. फक्त जी वस्तू उचलून नेता येत नाही तिला बॉरो लावू नका. शेजारच्यांच्या नळावर घागर भरायची असेल तर 'कॅन आय यूज युवर टॅप?'