बेळगावात नर्सिंगची सीट: ही रांग लागली कशी?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात सेकंड पीयूसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीचा, निकाल लागला की नर्सिंगची चौकशी सुरू होते आणि कधी कधी दिवाळीपर्यंत ती संपत नाही. फेऱ्या वाढतात, शेवटची तारीख पुढे ढकलली जाते, मग आणखी एकदा ढकलली जाते. त्याच दिवसांत 'प्रवेश सुरू'चे फलक मात्र चौकाचौकांत लटकत असतात. म्हणजे जागा आहेत. तरीही मुली, आणि आता मुलगेही, घरी बसून वाट बघतात, काहीजण वर्षभर थांबतात. हे कोडे सुटायला थोडे मागे जावे लागते, पण फार मागे नाही.

जुना काळ थोडक्यात उरकता येतो. हा मुलूख मुंबई इलाख्यात होता तेव्हा इथल्या मुलीला नर्स व्हायचे तर मिरज, पुणे किंवा मुंबई. मिरजेचा मिशन दवाखाना १८९४ पासूनचा. या कामात तेव्हा ख्रिस्ती मुली जास्त असत. मराठा, लिंगायत, जैन घरांतून मुलगी दवाखान्यात रात्रपाळी करणार म्हटले की जमीन विकल्यासारखे चेहरे व्हायचे. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ मध्ये, देशभरासाठी नर्सिंगचा कायदा झाला. एका प्रांतात घेतलेले शिक्षण दुसऱ्या प्रांतातही चालावे, हा त्याचा गाभा. पुढे १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि बेळगाव जिल्ह्यातलाच चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात, कोल्हापूरकडे राहिला. नर्सेसच्या नोंदणीचे कायदे दोन्ही राज्यांनी आपापले केले, म्हैसूरने १९६१ मध्ये आणि महाराष्ट्राने १९६६ मध्ये. मिरजेत शिकलेली सिस्टर बेळगावात आता परराज्यातली ठरली. तेव्हा फारसे कुणाचे अडले नाही, कारण नर्सेसच इतक्या कमी होत्या की येईल तिला ठेवून घेत.

१९६३ मध्ये बेळगावात खासगी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९९६ मध्ये राज्यातल्या आरोग्य अभ्यासक्रमांसाठी बेंगळुरूत स्वतंत्र विद्यापीठ आले. २००५ मध्ये सिव्हिल हॉस्पिटलला जोडून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. या तीन टप्प्यांच्या मधल्या फटीत कर्नाटकात नर्सिंग कॉलेजे अक्षरशः पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. केरळच्या मुली बसगाड्या भरून येत. आखाती देशांतली नोकरी, इंग्लंड-आयर्लंडची वाट, या सगळ्याचा पहिला मुक्काम कर्नाटक होता. आपल्याकडची मराठी घरे तेव्हा नुसती बघत होती. गल्लीत भाड्याने राहणाऱ्या मल्याळी मुली दोन-तीन वर्षांत परदेशी गेलेल्या दिसल्या, तेव्हा कुठे 'आपल्या पोरीलाही घालूया' हे बोलणे सुरू झाले.

आणि नेमके याच वेळी मान्यतेचा घोळ झाला. आजच्या रांगेचे खरे मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर.

नर्सिंग कॉलेज चालवायला एकाच ठिकाणची सही पुरत नाही. राज्य सरकारची परवानगी लागते, विद्यापीठाची संलग्नता लागते, राज्याच्या नर्सिंग परिषदेची मान्यता लागते. या तिन्हींच्या वर दिल्लीची राष्ट्रीय परिषद. ती तपासणी करून दरवर्षी योग्य संस्थांची यादी काढायची. स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय आहे का, एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण हे प्रमाण बसते का, शिकवायला माणसे आहेत का, हे ती बघायची. संस्थाचालकांचे म्हणणे असे, की १९४७ चा कायदा परिषदेला अभ्यासक्रम आणि पदव्या ठरवायचा अधिकार देतो, कॉलेजांना मान्यता द्यायचा नाही. राज्य तपासते, विद्यापीठ तपासते, मग तिसऱ्यांदा तपासणी आणि तिसऱ्यांदा फी कशाला? २०१६ च्या अखेरीस राज्य सरकारने ही बाजू उचलून धरली आणि राज्यातल्या कॉलेजांना राष्ट्रीय परिषदेच्या मान्यतेची गरज नाही, असा आदेश काढला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयानेही संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार परिषदेला नाही, असाच अर्थ लावला. परिषदेने मग कर्नाटकातल्या कॉलेजांची नावे आपल्या यादीत दाखवायचे थांबवले.

कायद्याचा कीस काढला तर संस्थाचालकांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. एकच इमारत, एकच वाचनालय आणि त्याच खाटा तीन-तीन पथकांना दाखवायच्या, यात शिक्षण सुधारते असे कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तपासणीच्या दिवशी शेजारच्या कॉलेजातून उसने आणलेले प्राध्यापक हा तर सगळ्यांना माहीत असलेला प्रकार. पण हा निर्णय घेताना पलीकडच्या राज्यात नोकरी मागायला जाणाऱ्या मुलीचा विचार कुणी केला होता, असे त्या आदेशाकडे बघून वाटत नाही. बेंगळुरूच्या मुलीला बेंगळुरूतच शंभर दवाखाने. निपाणीच्या मुलीचा हिशेब वेगळा. तिला कोल्हापूर तासाभरावर, गोवा जवळ, पुण्यात मामा नाहीतर आत्या. तिची पदवी तेच विद्यापीठ देत होते, राज्य परिषदेत तिचे नाव नोंदलेही जात होते, तरी परराज्यातला दवाखाना किंवा तिथली नोंदणी खिडकी आधी दिल्लीची यादी उघडायची. यादीत कॉलेज दिसले नाही की पुढचा कागद बघायलाच कुणी तयार नाही. केरळच्या पालकांनी हे सगळ्यांत आधी ओळखले आणि तिकडून येणाऱ्या मुलींचा ओघ आटला. ज्यांच्या जिवावर कॉलेजे चालत होती ती मुलेच येईनात, तेव्हा अनेक संस्थांना स्थानिक मुली आठवल्या. फलक मराठीतही लागले.

पुढे कागदोपत्री काय झाले यापेक्षा लोकांच्या डोक्यात काय बसले ते महत्त्वाचे. 'ते कॉलेज यादीत आहे का?' हा प्रश्न तेव्हापासून खानापूरच्या बाजारातही विचारला जातो. खात्रीची म्हणावीत अशी कॉलेजे लोकांनी आपणच ठरवली: सरकारी, किंवा मोठ्या रुग्णालयाला जोडलेली जुनी. बाकीच्यांकडे संशयाने बघायचे. त्यात काही चांगली कॉलेजेही भरडली गेली, हे मान्य करायला हवे. पण अठरा वर्षांच्या मुलीची चार वर्षे आणि बापाने सोसायटीतून काढलेले कर्ज पणाला लागलेले असताना कुणी धोका का पत्करावा? म्हणून शेकडो जागा एका बाजूला रिकाम्या आणि मोजक्या जागांसाठी दुसरीकडे रांग, हे चित्र तयार झाले.

त्यात २०१९ ची भर पडली. तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा बंद करून पदवी हीच नर्सिंगची पहिली पायरी करायची, असे राष्ट्रीय परिषदेने जाहीर केले. डिप्लोमाला बारावीत ४० टक्के आणि इंग्रजी असले की कला शाखेची मुलगीही चालते. पदवीला विज्ञान शाखा हवी, भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून ४५ टक्के आणि इंग्रजीत उत्तीर्ण. निर्णय नंतर गुंडाळला गेला, डिप्लोमा आजही चालू आहे. पण बंद होणार ही बातमी घरोघर पोहोचली आणि चालू राहणार ही मात्र पोहोचली नाही. बीएस्सीकडे, म्हणजे पदवीकडे, ओढा वाढला तो कायमचाच. २०२० च्या कोरोनाने उरलेली भीडही मोडली. मुलगी नर्सिंगला आहे हे सोयरिकीच्या बैठकीत अभिमानाने सांगण्याजोगे झाले.

पूर्वी सरकारी कोट्यातली बीएस्सीची जागा पीयूसीच्या गुणांवर मिळे. २०२३ च्या सुमारास ती सीईटीच्या रँकवर आली आणि वाट बघण्याला एक नवे व्याकरण मिळाले. ऑप्शन एंट्री म्हणजे कॉलेजांचा पसंतीक्रम भरणे, मॉक अलॉटमेंट म्हणजे जागांचे नुसते चाचणी वाटप, मग पहिली फेरी. जागा लागली की चार पर्याय. चॉईस वन म्हणजे घेतली, रुजू होते. चॉईस टू म्हणजे ही राहू दे, पण पुढच्या फेरीत वरची मिळते का बघते. चॉईस थ्री म्हणजे ही नको, पुढची बघू. चॉईस फोर म्हणजे आता मी यातून बाहेर. सायबर कॅफेत स्क्रीनसमोर बाप-लेक बसलेले असतात, मागे आणखी चौघे ताटकळत उभे, आणि दुकानातला पोरगा विचारतो, 'काका, टू मारू काय?' सगळे घोडे या 'टू'वर अडलेले. वरची जागा मिळाली तर हातातली आपोआप जाते, नाही मिळाली तर हातातली राहते, एवढे समजले तर टू हा बहुतेकांसाठी शहाणपणाचा पर्याय आहे. पण थ्री आणि टू यांतला फरक न कळल्याने हातची जागा घालवणारी मुले दरवर्षी असतात.

फेरीच्या आधी कागद. जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावरचा क्रमांक, म्हणजे आरडी नंबर, नाडकचेरी या महसूल कार्यालयातून. पहिली ते बारावीत किमान सात वर्षे कर्नाटकात शिकल्याचे स्टडी सर्टिफिकेट, त्यावर बीईओ म्हणजे गटशिक्षणाधिकारी ऑफिसची सही. ग्रामीण आरक्षण १५ टक्के, पण पहिली ते दहावी सगळी ग्रामीण भागातच झालेली हवी. इथे आपल्या भागातल्या मुलींचे हमखास नुकसान होते. उचगावची मुलगी सातवीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकते, आठवीला चांगली शाळा म्हणून बसने शहरात जाते. राहते उचगावातच, शेणगोठाही तिथलाच, पण ग्रामीण कोटा गेला. हे आठवीत कुणी सांगत नाही, सीईटीच्या अर्जावर कळते. कन्नड माध्यमासाठी ५ टक्के आहेत, ते मराठी शाळेतल्या मुलीला अर्थातच नाहीत. मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसी विज्ञानाला थेट इंग्रजीत उडी मारणाऱ्या मुलीची दमछाक कन्नड माध्यमातल्या मुलीपेक्षा कमी नसते. त्याला मात्र कुठलाच कोटा नाही. मराठा समाज इकडे मागासवर्गीयांच्या ३बी प्रवर्गात, पलीकडे त्याच समाजाचे आरक्षण वेगळ्या कायद्याचे. एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यातल्या राखीव जागेला सहसा चालत नाही.

महाराष्ट्राने आपला दावा असलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी आपल्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी सोय ठेवली आहे. गाव वादग्रस्त भागात असल्याचा एक दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा दुसरा. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलांना ही सोय चांगली ठाऊक आहे. नर्सिंगसाठी ती गृहीत धरून कुणी बसू नये, त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघूनच ठरवावे, शिवाय तिकडची बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी द्यावी लागते. उलट बाजूने कर्नाटकही गडहिंग्लज, जत, अक्कलकोट, सोलापूर इथल्या कन्नड मातृभाषेच्या मुलांना सात वर्षांची अट न लावता आपल्या सीईटीत घेते, त्यांची कन्नडची परीक्षा घेऊन. दोन्ही सरकारांनी आपापल्या भाषेच्या मुलांसाठी सीमेपलीकडे एकेक खिडकी उघडली आहे. या दोन खिडक्यांच्या मधे सापडते ती चंदगडची मराठी मुलगी. दहावीपर्यंत महाराष्ट्रात, जवळचे शहर म्हणून पीयूसी बेळगावात. कर्नाटकात तिची सात वर्षे भरत नाहीत आणि महाराष्ट्रात बारावी कुठून केली हे विचारतात. तिला मॅनेजमेंट सीट किंवा घर, दोनच वाटा उरतात.

जाऊन येऊन शिकावे म्हटले तर रस्ताही भरवशाचा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले आणि बस बंद झाल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये भाषेवरून कंडक्टरला मारहाण झाली आणि पुन्हा तेच. मोठ्यांच्या भांडणात गडहिंग्लजहून किंवा कोल्हापूरहून ये-जा करणाऱ्या पोरांची प्रॅक्टिकल्स बुडतात, त्याची नोंद कुणाच्याच निवेदनात नसते.

वर्षभर थांबणाऱ्या मुली काय करतात? काहीजणी नीटची तयारी करतात, कारण लष्कराच्या नर्सिंगला नीट लागते, आणि कॅन्टोन्मेंट, मराठा लाइट इन्फंट्रीच्या या गावात त्या गणवेशाचे आकर्षण मोठे आहे. काही खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून लागतात. इंजेक्शन भरायला, बीपी बघायला शिकतात, आणि दुसऱ्या वर्षी 'पगार सुरू आहे, आता शिकून काय करायचे' या वळणावर अडकतात. काहींची लग्ने ठरतात.

ऑगस्ट २०२३ मध्ये १९४७ च्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा मंजूर झाला. संस्थांचे मूल्यांकन आणि मानांकन करायला त्यात स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे, म्हणजे २०१६-१७ चा वाद ज्या फटीतून निर्माण झाला ती फट बुजवायचा प्रयत्न आहे. प्रवेशासाठी समान पद्धतीचीही तरतूद आहे. ती उद्या नीटसारख्या एकाच परीक्षेवर गेली, तर प्रश्नपत्रिकेच्या भाषेचा मुद्दा येईल. नीटचा पेपर मराठीत निघतो खरा, पण तो महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बेळगावच्या केंद्रावर बसणाऱ्या मुलीला इंग्रजी, हिंदी, उर्दू किंवा कन्नड यांतलाच एक निवडावा लागतो.