बायबलमधली देवाची योजना आणि आपलं पाचवीला पुजलेलं नशीब

मुंबईत ख्रिस्ती माणसाशेजारी बसून डबा खाणारं कोणीतरी हे कधी ना कधी विचारतंच, की तुमच्यात देवाने सगळं आधीच ठरवलेलं असतं म्हणतात ना, म्हणजे आमचं नशीबच की, फक्त नाव वेगळं. आणि आमचे बरेच लोक पण "हो, तसंच काहीतरी" म्हणून मोकळे होतात, कारण लंच टाइम अर्ध्या तासाचा आणि विषय दोन हजार वर्षांचा. पण तसंच नाहीये. शेवट आधी ठरलेला आहे हे दोन्हीकडे ऐकू येतं, तेवढं मान्य. फरक पडतो तो मधल्या रस्त्यावर, म्हणजे तुम्ही मध्ये जे करता ते कुठे धरलं जातं की नाही.

नशीब आधी घेऊ, ते आपल्या घरातलंच आहे. बाळ जन्मलं की पाचव्या नाहीतर सहाव्या रात्री (घराघरात पद्धत वेगळी) कोरा कागद आणि पेन ठेवायचं, सटवाई येते आणि कपाळावर लिहून जाते. मग पुढे आयुष्यात जे काय वाईट होईल ते पाचवीलाच पुजलेलं. तुम्ही माणूस म्हणून कसे आहात, कसे वागलात याच्याशी त्या लेखाचं काही घेणंदेणं नाही, आणि टाळायला गेलात तर कधी कधी तुमच्याच हाताने तो खरा होतो. महाभारतातला परीक्षित बघा, सात दिवसांत तक्षक चावणार हे कळल्यावर एका खांबावर महाल बांधून वर जाऊन बसला, पहारे, वैद्य, मंत्र सगळा बंदोबस्त, आणि तक्षक फळातली बारीकशी अळी होऊन आत आला, जी राजाने हसत हसत स्वतःच उचलून मानेवर ठेवली. तो शाप होता हे खरं, पण नशिबाची चाल हुबेहूब अशीच असते.

(कर्म आणि प्रारब्ध हा वेगळा मामला आहे हां, तिथे तुमच्याच आधीच्या करणीचं फळ असतं, ते मी इथे नशिबाच्या खात्यात ढकलत नाहीये. आणि याज्ञवल्क्य स्मृतीत तर सरळ म्हटलंय की जसा एका चाकावर रथ चालत नाही तसं प्रयत्नाशिवाय दैव फळत नाही, म्हणजे आपल्याकडे पण सगळेच काही खाटल्यावर बसून हरीची वाट बघत नव्हते.)

"असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी" हा विचार जुन्या ग्रीकांकडे पण होता, त्याला ते आळशी युक्तिवाद म्हणायचे. बरं व्हायचं नशिबात असेल तर डॉक्टर बोलवा न बोलवा, बरे होणारच, नसेल तर नाहीच होणार, मग डॉक्टरवर खर्च कशाला. स्टोइक या नियती मानणाऱ्या ग्रीक पंथातल्या ख्रिसिप्पसने याला उत्तर दिलं होतं की बाबा, बरं होणं आणि डॉक्टर बोलावणं ही जोडीच ठरलेली असते, एक काढून दुसरं मिळत नाही. येशूचा प्रचारक पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याच्याशी वाद घालायला आलेल्यांत हे स्टोइक पण होते.

आता बायबलकडे. लोक या विषयावर वाद घालताना पहिल्यांदा पौलाचं रोमकरांस पत्र उघडतात आणि दहा मिनिटांत भांडण सुरू होतं. माझं म्हणणं आहे आधी प्रेषितांची कृत्ये, म्हणजे येशूच्या पहिल्या अनुयायांची हकीकत, अध्याय २७ वाचा, कारण तिथे शिकवण नाही, वादळ आहे. पौल कैदी म्हणून जहाजातून रोमला चाललाय, जहाज अलेक्झांड्रियाचं, धान्य भरलेलं, माणसं एकूण २७६. वादळात इतके दिवस जातात की सूर्य नाही तारे नाहीत आणि सगळ्यांनी आशा सोडलीये. तेव्हा पौल उभा राहून सांगतो की देवाच्या दूताने मला सांगितलंय, जहाज जाईल पण एकही जीव जाणार नाही. म्हणजे शेवट ठरला. गॅरंटी. पुढे चौदाव्या रात्री जमीन जवळ आल्याचं कळतं आणि खलाशी हळूच पळायच्या बेतात असतात, पुढून नांगर टाकतोय असं दाखवून छोटी होडी पाण्यात सोडतात. आता नशीब मानणारा माणूस इथे काय म्हणेल, जाऊ दे त्यांना, आपण वाचणारच आहोत. पौल काय म्हणतो, शताधिपतीला (कैद्यांवरच्या रोमी अधिकाऱ्याला) आणि शिपायांना गाठून म्हणतो, हे लोक जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. मग पौल सगळ्यांना खायला लावतो कारण उद्या ताकद लागणार आहे, मग जहाज रुततं, शिपायांना वाटतं कैदी मारून टाकावेत, शताधिपती अडवतो, कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, आणि सगळेच्या सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात.

ती दोन वाक्यं बाजूबाजूला ठेवून बघा. कोणी मरणार नाही. खलाशी गेले तर तुम्ही मराल. दोन्ही एकाच माणसाच्या तोंडची, एकाच वादळातली, आणि लिहिणाऱ्या लूकला त्यात काही विचित्र वाटलेलंच नाही, तो समजावत बसत नाही. दोर कापणं, पोटात चार घास जाणं, शताधिपतीचं मधे पडणं, हे सगळं त्या वचनाच्या आतच आहे, त्यातलं काही वजा करून शेवट तसाच राहतो असं लूक कुठे सुचवत नाही.

यापेक्षा जास्त डोकं खाणारी गोष्ट १ शमुवेल २३ मध्ये आहे. पुढे राजा होणारा दावीद कईला नावाच्या गावात आहे, राजा शौल त्याला मारायला मागावर. दावीद देवाला विचारतो, शौल इथे येईल का? येईल. गावचे लोक मला त्याच्या हवाली करतील का? करतील. दावीद आपली सहाशेएक माणसं घेऊन गावातून निघून जातो, शौलाला ते कळतं, तो येतच नाही आणि हवाली करायचा प्रश्नच संपतो. देवाने सांगितलं ते खोटं ठरलं का? नाही, तू इथे राहिलास तर असं होईल हे सांगितलं होतं. परीक्षिताला जे ऐकलं त्यातून सुटका नव्हती, दावीदाला जे ऐकलं तीच सुटका होती. निनवे शहराचं पण तेच, योना संदेष्टा ओरडत फिरतो की ४० दिवसांत शहर उलथून जाईल, लोक राजासकट पश्चात्ताप करतात आणि शहर राहतं, उलट योनाच रुसून बसतो. हिज्कीया राजाला सांगितलं होतं तू मरणार, तो भिंतीकडे तोंड करून रडला आणि १५ वर्षं वाढवून मिळाली. सटवाईपुढे रडून कोणाला काही वाढवून मिळाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

दुसरा मोठा फरक जबाबदारीचा. नशिबात होतं म्हटलं की करणारा सुटतो. बायबल हे दार बंद करतं आणि तेही चांगलं जोरात. योसेफाला भावांनी २० रुप्याला विकलं, पुढे तो मिसर देशात मोठा अधिकारी झाला आणि दुष्काळात त्याच भावांना धान्य दिलं, नंतर वडील वारल्यावर तो त्यांना म्हणतो की तुम्ही माझं वाईट योजलं होतं, देवाने त्यातच चांगलं योजलं. कृत्य एक, हेतू दोन, आणि भावांचा हेतू वाईटच राहतो, देवाच्या हेतूने तो धुतला जात नाही. यशया १० मध्ये देव अश्शूरच्या राजाला आपल्या रागाची काठी म्हणतो आणि त्याच दमात सांगतो की काम झालं की या काठीलाच शिक्षा करणार, कारण त्याच्या मनात देवाचं काम नव्हतं, नुसती लूट आणि घमेंड होती. आणि येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत, लूक २२, मनुष्याचा पुत्र (म्हणजे येशू) ठरल्याप्रमाणे जातोय पण ज्याच्या हातून धरून दिला जातो त्याला हाय हाय. ठरलंय आणि तरी हाय हाय. नशिबाच्या भाषेत हे वाक्य बसतच नाही.

आता अवघड भाग, तो लपवण्यात अर्थ नाही. फारो, इस्राएल लोकांना गुलामीतून सोडायला नकार देणारा मिसरचा राजा. निर्गम हे पुस्तक वाचलं तर देवाने पाठवलेल्या दहा पीडांपैकी पहिल्या पाचांपर्यंत त्याचं मन कठीण झालं किंवा त्याने ते कठीण केलं असं येतं, परमेश्वराने कठीण केलं असं सहाव्या पीडेला, गळवांच्या वेळी, पहिल्यांदा येतं. बरेच प्रवचनकार इथेच थांबतात, बघा आधी तो स्वतः अडला. पण अध्याय ४ मध्येच, एकही पीडा यायच्या आधी, देव त्या लोकांचा पुढारी मोशेला सांगून ठेवतो की मी त्याचं मन कठीण करीन. आणि पौल रोमकरांस ९ मध्ये हेच उचलून कुंभार आणि मातीवर येतो, मातीने कुंभाराला विचारावं का की मला असं का घडवलंस. हे वाचून अंगावर येत नाही असं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही, बायबल नशिबाच्या सगळ्यात जवळ येतं ते इथे. फक्त पुढचा अध्याय उघडा, १० ची सुरुवातच अशी की माझ्या लोकांचं तारण व्हावं ही माझी देवाजवळ विनंती आहे. नऊ लिहिणारा माणूस दहामध्ये विनंती करतोय. लेख पक्का झालाय असं त्याला वाटत असतं तर कोणाला विनंती आणि कशासाठी?

या एका गाठीवर चर्च शेकडो वर्षं भांडलंय आणि त्या भांडणाच्या सगळ्या बाजू मुंबईत एका छोट्या टॅक्सीप्रवासात भेटतात, हे मला फार आवडतं. गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज, १८३२ पासूनचं, स्कॉटिश मिशनऱ्याचं, म्हणजे सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनच्या घराण्यातलं. त्या घराण्यात देवाची निवड आधी, माणसाचा होकार नंतर. तरी त्यांच्याच १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासनाम्यात सगळं देवाने ठरवलंय म्हटल्यावर लगेच जोडलंय की त्याने माणसाच्या इच्छेवर जबरदस्ती होत नाही आणि देव पापाचा कर्ता ठरत नाही. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च मेथडिस्ट, म्हणजे तो पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीच्या वाटेचं, म्हणजे कॅल्विनवाल्यांना विरोध करणाऱ्या डच धर्मपंडित आर्मिनियसच्या बाजूचं, ज्याच्या मंडळींना हॉलंडमधल्या डॉर्टच्या चर्चसभेने १६१८-१९ मध्ये चुकीचं ठरवलं होतं. त्यांच्याकडे कृपा सगळ्यांना देऊ केलेली, माणूस ती नाकारू शकतो. आणि धोबीतलावचं सेंट झेवियर्स जेझुइटांचं (हा कॅथलिकांमधला एक संघ), त्यांचा धर्मपंडित मोलिना १५८८ मध्ये म्हणाला की कोण कुठल्या परिस्थितीत काय निवडेल हे देवाला आधी कळतं आणि ते धरून तो योजना आखतो, कईलाची गोष्ट याच बाजूचे लोक पुढे करतात. डॉमिनिकन, म्हणजे कॅथलिकांचाच दुसरा संघ, भडकले, वाद थेट पोपपर्यंत गेला, १६०७ मध्ये पाचव्या पौल पोपने निकाल न देता दोघांनाही एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही एवढं बजावून घरी पाठवलं. मला स्वतःला कुलाब्याची बाजू जास्त पटते, पण मुद्दा तो नाही. तिघांपैकी एकानेही, कॅल्विनवाल्यांनी सुद्धा, हे नशीब आहे असं मान्य केलेलं नाही.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर पावसाळ्यात बघा. जुनी इमारत कोसळते, माणसं जातात, आणि चाळीत, चर्चमध्ये, टीव्हीवर सगळीकडे एकच, त्यांची वेळ भरली होती. वेळ भरली की बिल्डर सुटला, दुरुस्तीच्या फाइलवर बसलेला सुटला, भेगा बघून गप्प बसणारे आपण पण सुटलो. लूक १३ मध्ये असाच प्रसंग येशूपुढे आहे, शिलोहचा बुरूज पडून १८ जण मेले होते. त्यांची वेळ भरली होती असं तो म्हणत नाही, ते जास्त पापी होते हे तर साफ नाकारतो, आणि मेलेल्यांचा हिशोब सोडून ऐकणाऱ्यांकडेच वळतो की तुम्ही पश्चात्ताप करा. आणि त्याच्या कितीतरी आधी बायबलच्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात, २२:८ मध्ये, त्याच सार्वभौम देवाच्या नियमात, बांधकामाचा एक नियम आहे: नवीन घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी वरून पडलं तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल.